आबांनी बुरुजावर हात धरला

शहापूर, रविवार, १८ जानेवारी १९९८

वसईहून आत्ताच परतलो. सुहासशी लग्न करायचं म्हटल्यापासून आबा माझ्याशी बोलत नव्हते. आज आईने हट्टच धरला म्हणून त्याचं घर बघायला आले. जेवणानंतर सुहास आम्हाला किल्ल्यात घेऊन गेला. बुरुजाचा जिना अंधारा, त्यात आबांचा गुडघा दुखरा. ते मध्येच थांबले. आता मागे फिरणार, असंच वाटलं मला. पण ते सुहासला म्हणाले, "माझ्याच्यानं नाय होत. हात दे रे जरा."

वर पोचल्यावरही त्यांनी तो हात सोडला नाही. विसरले असतील? छे, आबा असं विसरत नाहीत. तटापलीकडचा समुद्र बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "करमेल ना गो तुला इथं?"

'हो' म्हणताना रडूच आलं.