कोरड्या पायावरचं पाणी

३ मार्च
पुन्हा पाणी! उजव्या मांडीवरून पोटरीवर, तिथून टाचेत. व्हॅन बाजूला घेतली, सलवार वर केली — पाय कोरडाठाक. मागे हॉटेलच्या चादरींचे चौदा गठ्ठे, आणि मी रस्त्याच्या कडेला स्वतःची पोटरी चाचपतेय. वेड्यांचा बाजार!

५ मार्च
डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतंय म्हणे, म्हणून पाय नाही नाही त्या खबरा पाठवतो. "बाकीच्या तपासण्या होईपर्यंत गाडी चालवायची नाही." मी मान डोलावली. संध्याकाळची फेरी मारली.

लाँड्रीत बाई ड्रायव्हर मी एकटी. अकरा वर्षं! व्हॅन गेली की इस्त्रीच्या टेबलाला, वाफेत. मेले तरी जायची नाही.

६ मार्च
ह्यांना सांगितलं. हे त्याच लाँड्रीत, गठ्ठे उतरवायला. पोट धरधरून हसले. "पाणी नाही तर ओलं कसं लागेल गं? स्वयंपाक टाळायची सोंगं!" दुपारी सगळ्या इस्त्रीवाल्यांना सांगून मोकळे. आता मी आले की — "झरा आला, बादली धरा!" सगळ्यांत मोठ्याने कोण हसतं? आमचेच. लाज नाही मेल्याला.

९ मार्च
मुंग्या. दिवसभर.

१४ मार्च
उजव्या तळव्याला पेडल नीट लागत नाही. कापूस तुडवल्यासारखं वाटतं. आता अनवाणी चालवते, वाकून बघते — पाय कुठे आहे ते. जमतं की! डॉक्टरीणबाई गेली खड्ड्यात.

१७ मार्च
मी भाजी निवडत होते. ह्यांनी गंमत म्हणून टेबलाखालून पायाला टाचणी टोचली. मी निवडतच राहिले. रक्त बघून ह्यांचं तोंड उतरलं.
"मालकांना सांगतो मी. गाडी सोड."
"सांगून तर बघा! या घरात तुम्ही तरी राहाल नाहीतर मी तरी."
फडक्याने माझं रक्त पुसलं. मग म्हणाले, "बरं बाई. पण मागे घेताना मी उभा राहणार."
हसायची वेळ संपली वाटतं त्यांची. बरं झालं, जिरली!

२० मार्च
माल उतरवायच्या कट्ट्यापाशी रोज उभे असतात. "येऊ दे... येऊ दे... बस!" आणि मागच्या दारावर थाप. थाप पडली की ब्रेक. झकास चाललंय. इस्त्रीवाल्या बघत होत्या. जळू देत!

२६ मार्च
थाप पडली. मी ब्रेक दाबला. दाबला, शपथ! खाली बघितलं नाही, आरशात बघत होते. पाय ॲक्सिलरेटरवर होता.

मागे कट्टा. मध्ये हे.

२९ मार्च
आज हे शुद्धीवर आले. डावा पाय गुडघ्याच्या वर कापलाय, ते त्यांना सांगायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर टाकलंय.

"अगं," म्हणाले, "डाव्या तळव्याला खाज सुटलीय. जरा खाजव ना."

मी चादरीखाली हात घातला आणि गादी खाजवत बसले.

"हां," म्हणाले. "तिथेच."