तुतीची सावली कुणीकडे पडते

२ फेब्रुवारी

फरश्या उचलायला घेतल्या! मागच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत करडं सिमेंट – आधीच्या मालकाची कृपा. जुलैत दिवसभर तापतं आणि संध्याकाळी सगळी धग हेस्टरच्या खोलीत पाठवतं. गेल्या उन्हाळ्यात तिचे पाय उचलेचनात. आजार मज्जातंतूंचा, पण उकाड्याशी त्याची भारी दोस्ती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोली गार ठेवता आली तर घरी राहू दे. नाहीतर शुश्रूषागृह बघा." बघा म्हणे! भाजी आहे का?

एसीची घरघर हेस्टरला सोसत नाही. मलाही नाही. जन्मभर लोकांच्या भिंतींत ऊब टिकवणारा कापूस भरत आलो. आता स्वतःच्या बायकोला वीज न जाळता गारवा देता येत नसेल तर काय उपयोग?

३ फेब्रुवारी

पाठ गेली.

७ फेब्रुवारी

नकाशा झाला. फरश्यांच्या जागी माती आणि गवत. पश्चिमेला वारा अडवायला झुडपांचं कुंपण. भिंतीवर वेल. छपराचं पाणी पिंपात. आणि दक्षिणेच्या भिंतीलगत तुती – रोपवाटिकेत बांबूंवर आडव्या वळवलेल्या फांद्यांची, आयती छत्रीच. हेस्टरची खिडकी बरोब्बर तिच्या सावलीत!

हेस्टरला दाखवला. "पानं थंडीत गळतात का?"

"गळतात. म्हणून तर घेतोय. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन आत."

"शहाणं झाड आहे," म्हणाली. मग बराच वेळ नकाशाकडे बघत बसली. मला वाटलं, आवडला.

१४ फेब्रुवारी

सामाईक भिंतीच्या इतक्या जवळ झाड लावायचं तर शेजाऱ्यांची संमती लागते. शेजारी म्हणजे रूलीन. घंटी वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"बाउके? आज आपलं काही ठरलं होतं का?"

नव्हतं ठरलं. तिने डायरी आणली, मी माझी खिशातून काढली. पुढच्या गुरुवारी साडेदहा. मधे एक वीट जाडीची भिंत!

२२ फेब्रुवारी

साडेदहाला गेलो. कॉफी. एक बिस्किट. डब्याचं झाकण बंद. सगळं रीतसर चाललेलं.

मग नकाशा पाहून म्हणाली, "नाही. माझ्या शेडवरच्या सौर पाट्यांवर सावली पडेल. माझी वीज जाईल."

मी काही बोलायच्या आत तिने डबा उघडून दुसरं बिस्किट पुढे केलं. दुसरं! नवऱ्याच्या अंत्यविधीलाही तिने एकेकच वाटलं होतं. मी मूर्खासारखं खाल्लं.

हेस्टरला सांगितलं. म्हणाली, "मग राहू दे रे." इतक्या पटकन? मी इथे कंबरडं मोडून घेतोय ते कुणासाठी?

२३ फेब्रुवारी

हलकट बाई.

४ मार्च

ऊन पडलं. तुतीच्या उंचीचा बांबू तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात उभा केला आणि दिवसभर त्याच्या सावलीच्या टोकाला खडूने खुणा करत राहिलो. हेस्टर खिडकीतून बघत होती. हात केला तर तिने पडदा ओढून घेतला.

सूर्य दक्षिणेला. सावली उत्तरेला, आमच्याच घराकडे. रूलीनची शेड भिंतीच्या दक्षिणेला. तिच्या पाट्यांवर या झाडाची सावली पाडायची तर सूर्यालाच विनंती करावी लागेल.

आणि ही बाई निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होती!

९ मार्च

न ठरवता गेलो. बांबू हातात. दारातच सगळं ऐकवलं – उत्तर, दक्षिण, खडू, भूगोल. जरा जास्तच ऐकवलं. रूलीन ऐकत राहिली.

"झालं? सूर्य कुठे असतो ते मला ठाऊक आहे, बाउके."

"मग सही कर!"

"करणार नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"घरी जा. हेस्टरशी बोल."

म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. बांबू तिच्याच दारात राहिला.

१० मार्च

काल रात्री धीर झाला नाही. आज विचारलं. हेस्टरनेच तिला नाही म्हणायला लावलं होतं. शुश्रूषागृह ती जानेवारीतच बघून आली, रूलीनच्या गाडीतून. मला सांगितलं होतं, आम्ही दोघी लोकर आणायला चाललोय. सोमवारी खोली मिळतेय.

"मला का नाही सांगितलंस?"

"नकाशा काढताना किती खूश होतास तू! आणि मला उचलून पलंगावर ठेवलंस की न्हाणीघरात जाऊन कण्हतोस. दार पातळ आहे, बाउके. ते झाड लागलं असतं, तर मला इथेच राहावं लागलं असतं."