अडतीसची कंबर छत्तीस कशी झाली

तीर्थस्वरूप ताईंच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच बरं का. खरोखर घालायला वाकलो तर छातीत जळजळतं. ते पुराण पुढे आहेच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? पस्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभ्यानं काढलीत, आता तरी पाय वर घेऊन बसा, असं मी सांगणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. ऐकून घेणं तुमच्या घराण्यात नाहीच. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत असते; ती मी आज मोडतो. ताई, गेला पंधरवडा मी मरणाच्या दारात काढला, आणि घरात कुणी साधं "काय होतंय" म्हणून विचारलं नाही. तुमची बहीण तर मी छातीवर हात ठेवला की म्हणते, "बटण तुटलं का?"

झालं असं, की आमच्या दुकानासमोरच्या दवाखान्याच्या पडद्यांचं काम माझ्याकडे आलं. तिथली डॉक्टरबाई म्हणजे कोण, तर जिच्या शाळेच्या गणवेशाची दुमड मी दर वर्षी दोन बोटं उसवत होतो, ती पोर. आता गळ्यात नळी अडकवून मला "काका, जीभ दाखवा" म्हणते. असो. दवाखान्याला खिडक्या पाच, आणि मधल्या भिंतींवर रोगांचे तक्ते. रोग कशानं होतो, कसा ओळखावा, उपाय काय, सगळं मोठ्या अक्षरात. खिडकीची उंची घेणारा माणूस स्टुलावर चढला की त्याचं तोंड बरोबर तक्त्यासमोर येतं, त्याला मी काय करू? पहिल्या खिडकीला मला कळलं की छातीत जळजळणं हलक्यात घेऊ नये. दुसऱ्या खिडकीला कळलं की बोटांना मुंग्या येणं चांगलं नाही (माझ्या अंगठ्याला आणि दोन बोटांना वर्षभर येतायत!). तिसऱ्या खिडकीला लिहिलं होतं, "काही कारण नसताना वजन घटणे." हे वाचून मी स्टुलावरून उतरलो, आणि उरलेल्या दोन खिडक्यांची मापं अंदाजानं लिहिली. ते पडदे आता जमिनीवरून वीतभर वर लटकतायत. पण जिवावर बेतलेल्या माणसाकडून पडद्यांची काय अपेक्षा करायची?

वजनकाट्यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माणूस जाड की बारीक ते टेप सांगते. दुकानात आलो, दार लोटलं आणि स्वतःची कंबर मोजली. छत्तीस. मापवही काढली. तीन वर्षांपूर्वी तुमच्या लेकाच्या लग्नासाठी मी स्वतःचा कोट शिवला, तेव्हाचा आकडा माझ्याच अक्षरात: अडतीस. ताई, माझ्या पायांखालची जमीन सरकली. दोन इंच! दोन इंच माणूस गेला कुठे? तुमची बहीण काजं करत बसली होती, तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, पॅंटला कापड कमी लागेल." मी म्हटलं, थट्टा सोड, इकडे ये, आणि तिचंही माप घेतलं. वहीत तिच्या ब्लाउजची छाती चौतीस, टेप म्हणते तीस. म्हणजे घरात साथच आली की काय! मला घाम फुटला. ती मात्र घटाघटा पाणी पिऊन परत काजांना बसली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. (थोडंसं जेवलो.) संध्याकाळपर्यंत कुणाला कुठली कात्री द्यायची, ते मनात ठरवून झालं होतं. आणि तेवढ्यात माझी नजर दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर गेली. कोट अडकवायचा तो हो, बिनमुंडक्याचा. त्याच्या बैठकीवर कोरलेलं आहे छत्तीस. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याच्या छातीला टेप लावली. चौतीस! एक क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला वाटलं, यालाही लागण झाली. मग डोक्यात उजेड पडला. टेप! बारा वर्षं माझ्या गळ्यात लटकून, ओढून ओढून ती मेली सैल पडली होती. इंचाचा सव्वा इंच नाही झाला, पण त्या वाटेला लागली होती. गिऱ्हाइकांच्या लक्षात कसं आलं नाही म्हणाल, तर माप त्याच टेपेनं, कापणंही त्याच टेपेनं, मग कपडे बरोबरच बसणार. चुकीला चूक फिटली, झालं. तुमची बहीण पुतळ्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हणाली, "आता त्यालाही ताकदीचं औषध आणा, आणि माझ्यामागचा ससेमिरा सोडा."

पण जळजळ होतीच, मुंग्या होत्याच, म्हणून शेवटी डॉक्टरबाईकडे गेलो. तिनं आधी रक्तदाब घेतला, तो असा चढलेला की मी डोळेच मिटून घेतले. ती म्हणाली, काका, घाबरल्यावरही चढतो, दहा मिनिटं गप्प बसा. (गप्प बसा! मला!) बसलो. परत घेतला, बराच उतरला. आणखी दोन दिवस सकाळी येऊन दाखवा, नुसत्या एका आकड्यावर गोळ्या देत नाहीत, आणि वरून मीठ घेणं बंद, असं सांगितलं. छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली. जळजळ कशाची, तर मी जेवलो की लगेच मशीनवर ओणवा होतो, मग पोटातलं आंबट वर चढतं. जेवल्यावर दोन तास वाकायचं नाही, एका वेळी पोट तट्ट भरायचं नाही, रात्रीचं लवकर जेवायचं. मात्र जिना चढताना छाती दाटली, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, घाम सुटला, तर पत्र लिहीत बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि मुंग्या? चाळीस वर्षं जाड कापडावर कात्री दाबून मनगटातली नस अवघडली आहे. रात्री मनगटाला पट्टा बांधायचा आणि कात्रीला मधून मधून विश्रांती. मी अर्धांगवायू समजून डाव्या हातानं जेवायचा सराव करत होतो, तो फुकट गेला.

मग तिनं साखरेबद्दल पुष्कळ प्रश्न विचारले. मी सगळ्यांना हो म्हटलं. डॉक्टरांनी एवढ्या प्रेमानं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मग बोटाला सुई टोचली. ताई, जन्मभर सुया टोचल्या त्या कापडाला. स्वतःला टोचून घेताना मी असा ओरडलो की बाहेरचं एक बाळ रडायला लागलं. उपाशीपोटीची साखर ब्याण्णव. उत्तम, म्हणाली. तर असा तुमचा मेहुणा ठणठणीत आहे, पण मनानं फार खचला आहे. तरी तुम्ही एकदा येऊन मला नजरेखालून घालावं, माझी खोड मोडावी आणि चार शब्द सुनवावेत, ही विनंती. इथल्यांना माझी किंमत नाही. भावोजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा, अजून जिवंत असलेला,
मेहुणा

ता. क. वरचं सगळं तुमच्या बहिणीनं वाचलं आहे. (माझं प्रत्येक पत्र ती वाचते. शुद्धलेखन तपासते, असं म्हणते.) दोनदा हसली. "ताईला उगाच कशाला हेलपाटा, यांना काही झालेलं नाही" असं लिहायला सांगते आहे. लिहिलं. तिचं बोट बरं आहे, असंही लिहा म्हणते. लिहिलं.

ता. क. दुसरा. आता मी पोस्टाच्या पेटीजवळच्या कट्ट्यावर बसून लिहितो आहे. हे तिनं वाचलेलं नाही. बोट बरं नाही, ताई. कात्रीनं जरासं कापलं त्याला आज चोविसावा दिवस, अजून ओलं आहे. डॉक्टरबाईनं विचारलं, तहान फार लागते? मी म्हटलं, लागते तर, उशाचा पाण्याचा जग पहाटेपर्यंत रिकामा होतो. रात्री उठावं लागतं? तीनदा, चारदा. नजर धूसर झाली? झाली. मग माझा ब्याण्णव आकडा आल्यावर तिनं तो कागद खाली ठेवला आणि विचारलं, "काका, तुमच्या घरी रात्री पाणी कोण पितं?" तेव्हा मी तुमच्या बहिणीचं सगळं सांगितलं.

ता. क. तिसरा. टेपेवर सगळं ढकलून मीही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली. माझी कंबर अडतीस. पुतळा छत्तीस. तुमची बहीण साडेएकतीस. चौतीसची साडेएकतीस, आणि जेवते माझ्यापेक्षा जास्त. मी तो आकडा वहीत लिहिला नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर पुतळ्याचीच गोष्ट काढून हसते, आणि फारच लावून धरलं तर काजं घेऊन बसते. तुमच्या आईंना साखरेमुळे शेवटी दिसेनासं झालं होतं, त्यांच्या पायाचं काय झालं, ते तुम्ही दोघींनी पाहिलं आहे. ती त्याला भिते. मला ते बोलून दाखवत नाही. डॉक्टरबाई म्हणते, वेळेवर तपासलं तर गोळ्या, खाणं आणि रोजचं चालणं यांवर माणसं वर्षानुवर्षं नीट राहतात, आईंच्या वेळचं आता राहिलं नाही. पण थांबू नका, हा आठवडा जाऊ देऊ नका. हे तिला माझ्या तोंडून पटणार नाही. तुमच्या पटेल. तुमच्याकडचं साखर मोजायचं यंत्र घेऊन या. माझी मोजायची म्हणून काढा, मी परत ओरडेन, मग ती हसेल, तेव्हा सहज तिचाही हात धरा.

ता. क. शेवटचा. उत्तर लिहाल त्यात फक्त मला रागवा, कारण ते ती वाचेल. पूर्वी माझ्या सुया ती ओवून द्यायची. हल्ली रोज सकाळी तिच्या आधी दुकानात जाऊन मी दहा सुया ओवून टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवतो. ती त्यातली एक उचलते आणि कामाला लागते. पंधरा दिवस मी सगळ्या रोगांना भ्यालो, ताई, पण माझी साखर चांगली निघाली त्या दिवशी जेवढा घाबरलो, तेवढा जन्मात घाबरलो नव्हतो. लवकर या.