सभा गायरानात नेली

मंगळवार, दिवेलागण

जमलं. अजून खरं वाटत नाही.

सरपंच झाल्यापासून ग्रामसभा सकाळी दहाला लावत आले आणि मेंढपाळ कुणी येत नाहीत म्हणून चिडत राहिले. दहाला त्यांची मेंढरं रानात असतात, हे मला का सुचू नये? गायरानात दोन वर्षं चराईबंदी, हा ठराव त्यांच्याशिवाय कागदावरच राहिला असता. म्हणून आज सभाच गायरानात नेली. भर दुपारी, मेंढरं लिंबाखाली विसावतात तेव्हा.

मेंढपाळांतले वडीलधारे भिवामामा नेहमीसारखे काठीला टेकून उभे. मेंढरं पिकात शिरली म्हणून बागायतदार आप्पांनी मागे हीच काठी मोडायची धमकी दिलेली. मी म्हटलं, "मामा, बसा की."

मामा बसले. म्हणाले, "गवत येऊ द्या, आमी न्हाई म्हणत न्हाई. पण तवर मेंढरं कुठं न्यायची, ताई?"

यावर आप्पाच बोलले, "माझ्या पडीक रानात चारा, रातीला तिथंच बसवा. मला बी लेंडीखत लागतंच हाय."

ठराव झाला. मामांनी बसूनच सावकाश सही केली. तेवढा वेळ त्यांची काठी धरून आप्पा उभे होते.