इंदूचा खांदा

३ फेब्रुवारी २०१९, रविवार

जिंकलो, पण इंदूचा खांदा गेला. सॉफ्टबॉलच्या सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये चेंडू टाकला आणि उजवा हात धरून गुडघ्यांवर आली. मी तोंडावरची जाळी फेकून धावले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलंय! सख्खी मामेबहीण माझी, लहानपणी एका ताटात जेवलो, आणि आज पाण्याची बाटलीसुद्धा लीलाच्या हातून घेतली.

अजून तीन सामने आहेत. दोन जिंकले तरच लखनऊच्या राज्य स्पर्धेत. चेंडू टाकायला आता उरली ती लीलाच, आणि ती नवखी.

५ फेब्रुवारी, मंगळवार

फिजिओ म्हणाला, दुखणं एका झटक्याचं नाही, बराच वेळ दुखत्या हाताने टाकलंय. कोच सर भडकले. "बताया क्यों नहीं?"

इंदू म्हणाली, "बताया था."

"किसे?"

मान खाली घालून डाव्या हाताने बूट सोडायला लागली.

कॅप्टन मी. कॅचरही मीच — सगळा सामना तिच्यासमोर उकिडवी बसलेली असते. मला तर काही सांगितलं नाही. मग सांगितलं कुणाला? राज्याच्या शिबिरासाठी आमची दोघींची नावं गेली आहेत. नाव कटू नये म्हणून दुखणं लपवलं, दुसरं काय.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

सीपरी बाजारात इंदू दिसली. उजव्या हातात भाजीची पिशवी! बटाटे होते, निदान दोन किलो. म्हटलं, "बरा झालेला दिसतोय हात."

तर म्हणते, "लटकाने में दर्द नहीं होता दीदी, उठाने में होता है."

दीदी! आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या 'ताई' चालत आलंय. झाशीत मराठी घरं उरली किती, त्यात आम्ही. मैदानावर तर दोघी मुद्दाम मराठीत बोलतो, बॅट धरणारीला कळू नये म्हणून. आणि आता माझ्याशी हिंदी! चोराच्या मनात चांदणं, ते हेच.

९ फेब्रुवारी, शनिवार

मामी म्हणाली, इंदू एरचला मालिशवाल्याकडे गेलीय. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. फिजिओ असताना मालिशवाला कशाला?

११ फेब्रुवारी, सोमवार

इंदू सरावाला आली, गळ्यात पट्टा, हात पट्ट्यात. माझ्याकडे आली नाही. लीलाला कोपऱ्यात घेऊन काहीतरी शिकवत होती. मी ग्लोव्ह शोधायच्या निमित्ताने जवळ गेले. कानावर एवढंच पडलं, "मुँह से मत बोलना. हाथ उठाना, सीधा ऊपर. उन्हें दिखना चाहिए."

मला पाहताच दोघी दोन बाजूंना झाल्या. 'उन्हें' म्हणजे कुणाला? माझ्या संघात माझ्या पाठीमागे खुणा ठरताहेत! खांदा गेला तर गेला, पण हिला संघ सोडवत नाहीये. लीलाला हाताशी धरून मलाच बाजूला सारणार.

आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तिच्याशिवाय मैदानावर बोलायला कोणी नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आई म्हणाली, "अगं, तिचा हात गेलाय आणि तू बटाटे तोलत बसलीयेस." आईला भाची नेहमीच गोड.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी कागद पुढे केला. खेळाडूने दुखापत लपवली, विचारलं तेव्हा खोटं सांगितलं, शिबिराच्या यादीतून नाव काढावं. कॅप्टनची सही हवी. मी म्हटलं, "सर, एक बार उससे पूछ लें?" ते म्हणाले, "पूछा था ना. बोली कुछ?"

खरंच, कुठे काय बोलली? पुढच्या वर्षी वयोमर्यादा संपते तिची. म्हणजे हे शिबिर गेलं की गेलंच. पेन हातात घेतलं. मग ती पिशवी आठवली, ते 'दीदी' आठवलं, ती कोपऱ्यातली कुजबूज आठवली.

केली सही. सर सोमवारी कागद लखनऊला पाठवणार. बरं वाटत नाहीये, पण कॅप्टनला नात्याकडे बघून चालत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सराव. लीला चेंडू टाकून टाकून दमली. मी पाय मोकळे करायला उभी राहिले होते. ती लांबून म्हणाली, "बस." मी खाली बसले, ग्लोव्ह पुढे धरला. ती हसायला लागली. "अरे दीदी, बस माने हो गया! आप बैठ काहे गईं?" मग ओशाळली, "इंदू ने कहा था हाथ उठाना, हम भूल गए."

त्या रविवारी इंदूही 'बस' म्हणाली होती. तीनदा. मी मराठीत ऐकलं. तीनदा खाली बसले, आणि तिसऱ्यांदा वर ओरडले, "बसले की गं, टाक!"

पायांचे पॅड न सोडताच सिविल लाइन्सला सरांच्या घरी गेले. दारातच म्हटलं, "सर, उसने बताया था. मुझे बताया था."