चावीवाल्या काकांनंतर

३ मार्च
संपलं. पॉडकास्टचा दोनशे बारावा भाग आज दुपारी ऐकला. मी वरच्या कवळीचा शेवटचा दात मेणात बसवत होते आणि चावीवाले काका म्हणाले, "माझ्याकडून एवढंच." हात तसाच राहिला.

दोन वर्षं! हा माणूस कुलपं उघडायला लोकांच्या दारात जायचा, त्याच्या गोष्टी. एकही भाग सोडला नाही मी. आमच्या अख्ख्या दातांच्या लॅबमध्ये असं कुणी आहे का? नाही. घरी आल्यावर लेक सुरू झाली, "आई, काकांचं..." मी म्हटलं, संपलं, माहितीये मला. ती अडखळते लहानपणापासून. पण मला तिचं अर्धं वाक्य पुरतं. आई आहे मी!

५ मार्च
नवीन पॉडकास्ट शोधतेय. एक इतिहासाचा – प्राध्यापक प्रत्येक शब्द चघळतात. एक कुणा दोन मैत्रिणींचा – अर्धा वेळ हसण्यात. एक खुनांचा. खुनी सापडेपर्यंत माझ्या दोन कवळ्या झाल्या. सगळे कसे रेंगाळतात! काका म्हणजे तडतडी माणूस. एकदा असं ऐकायची सवय झाली की बाकीचे चालत नाहीत. माझा कान तयार झालाय, दुसरं काय.

८ मार्च
आणखी तीन ऐकले. तिन्ही बाद.

११ मार्च
आज फजिती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात बोलावलं होतं. मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात बसवून बघायची होती. अशा वेळी पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. 'स' नीट निघाला म्हणजे दात बरोबर बसले. आजोबा 'एकसष्ट'वर अडकले आणि मी 'बासष्ट' म्हणून मोकळी! मग 'त्रेसष्ट'सुद्धा मीच.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, कवळी त्यांच्या तोंडात आहे."

आजोबा हसले, तेवढ्यात कवळी सुटून मांडीवर पडली. दात मात्र छान बसलेत. एकही हलवावा लागला नाही, हे लिहून ठेवते.

घरी हा किस्सा सांगितला. लेक नेहमीसारखी हसली नाही. "आई, मला ना..." म्हणाली. झोप आली असेल, म्हटलं, जा झोप. गेली.

१४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत आमच्या लॅबमधल्या पॉलिशवालीने माझा फोन घेतला. म्हणाली, बघू तरी तुमचे काका कोण एवढे. मी ऐटीत पहिला भाग लावून दिला. ती म्हणाली, "यांना गाडी गाठायची आहे का?" मग फोनवर काहीतरी बघितलं आणि हसायलाच लागली. वेग दीडपट ठेवलेला! फक्त याच पॉडकास्टला. बाकी सगळे आपल्या नेहमीच्या वेगात.

तिने तो एकपट केला. कानात एक म्हातारा आला. सावकाश बोलणारा. 'क'वर अडणारा. कुलूप म्हणायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागते. डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी लेकीला विचारलं, हा वेग कुणी वाढवला? ती बोलायला लागली. मी ओठ दाबून बसले. इतका वेळ गप्प बसणं मला जमतं हे मलाच माहीत नव्हतं.

"मी... वाढवला. पहिला भाग लावून दिला तेव्हा दोन मिनिटांत तू... म्हणालीस, काय हा रडतखडत बोलतो. तुला हळू बोलणारं कुणी... चालत नाही, आई. आणि मला तर... तू त्यांना ऐकावंस असं वाटत होतं."

मोठ्या तोऱ्यात कान तयार झालाय म्हणून लिहिलं होतं मी. आता ते पान वाचवत नाही.

१५ मार्च
पुन्हा पहिल्या भागापासून सुरू केलं. एकपट. आधीचे तेच भाग, पण नवाच माणूस. दार बंद करून बसलेल्या एका बाईची गोष्ट आहे. काका बाहेर उभे राहून तिच्याशी बोलतात, मग थांबतात. दीडपट वेगात मला वाटायचं की ते पटकन कुलूप उघडून आत जातात. छे! ते थांबतात आणि कडी ती बाईच काढते.

आज दिवसभरात एकच कवळी झाली. होऊ दे.

लेकीने दोनशे बारा भाग याच वेगात ऐकलेत. मला कळूही न देता. पोरगी माझ्यापेक्षा चिवट निघाली. जिवाला बरं वाटलं.

१८ मार्च
जेवताना लेक म्हणाली, "आई, काकांचं..." मी घास खाली ठेवला. थांबले. वरण गार झालं.

"...संपलं नाहीये. त्यांना आता... दम लागतो. मी त्यांना लिहीत असते ना, त्यांनीच... विचारलं. पुढचे भाग मी सांगणार आहे. माझ्या... आवाजात."