चुन्याचा चौकोन

बाबा, परवा कळंबच्या पुढे, ओढ्यापलीकडच्या वस्तीत तुमचं अक्षर पाहिलं. काविळीच्या तक्रारीवरून मी घराघरांतल्या पिण्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. तुमच्याच आरोग्य खात्यात मी आता प्रयोगशाळेत आहे. त्या घराला नवा पिवळा रंग दिलाय, पण दाराशेजारी वीतभर चौकोन जुन्या चुन्याचाच ठेवलाय. त्यात गेरूने लिहिलेल्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे तुमची सही. खात्याचा इतिहास मला अहवालांपेक्षा अशा भिंतींवरच जास्त सापडतो: फवारणीच्या खुणा, पोलिओवाल्यांचे खडूचे आकडे, अलीकडची स्टिकरं. आम्ही फोनमध्ये फोटो टाकतो. तुमच्या वेळी हिवतापाची फेरी दर पंधरा दिवसांनी. कोणाला ताप आहे का विचारायचं, असेल तर बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं, मग भिंतीवर तारीख.

दहिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही माझंच बोट टोचून ते दाखवता आहात. मी नऊ वर्षांची. टोचण्याआधी म्हणता, "मुंगी चावेल हं." आई म्हणते, पिठाच्या परातीपासून लांब बसा दोघं. मी काचेवर आधीच तारीख लिहून ठेवलेली असते. तुम्ही ती पुसायला लावता. "आधी रक्त, मग तारीख. तारीखच खोटी निघाली तर माणसाने विचारायचं कोणाला?" तुम्ही आवाज चढवला नव्हता. म्हणूनच ते लक्षात राहिलं.

त्यामुळे भिंतीवरच्या तारखा मी दोनदा वाचल्या. तुम्ही जून संपताना वारलात. चौकोनात त्याच वर्षीच्या जुलैच्या दोन तारखा आहेत आणि ऑगस्टच्या दोन, सहीसकट. कारण लगेच कळलं. पावसात तो ओढा ओलांडता येत नाही. पुढच्या चार फेऱ्या तुम्ही आधीच लिहून ठेवल्या होत्यात.

घरातल्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी तारखा वाचतेय हे पाहून त्या आपणहूनच सांगू लागल्या. त्या जुलैत त्यांच्या थोरल्या मुलीला ताप आला. ओढा उतरल्यावर तुमच्या जागचा नवा माणूस आला, तुमची सही त्याला ओळखीची नव्हती. त्याने तारीख पाहिली आणि विचारलं, रक्त घेऊन गेलेत ना? आजी हो म्हणाल्या. तो पुढच्या घरी गेला. रिपोर्टची वाट पाहण्यात आठवडा गेला, आणि टेंपोतून कर्जतला पोचेपर्यंत मुलगी संपली होती.

"पण आजी, रक्त घेतलं कोणी?"

"त्यानंच की गं, तारीकवाल्यानं. उंबऱ्यात उभा राह्यला. भायेर धो धो पाऊस, आनि ह्यो कोरडा. पोरीला बोलला, मुंगी चावंल हां. मंग भिंतीवर बोट ठेवलान आनि गेला."

आतून सून म्हणाली, "आईंना आकडा वाचता येत नाय, पन रंगवाल्याला तितं हात लावू दिला नाय."

"रिपोट यायचा हाय अजून," आजी म्हणाल्या. "तुज्याच हापिसातला ना तो? वळखतेस?"

मी म्हणाले, नाही.

बाबा, मुंगीचं मी समजू शकते. ते तुम्ही प्रत्येक घरी म्हणत असणार. इतक्या वर्षांत एका फेरीची आठवण दुसऱ्या तारखेला जाऊन चिकटते, हेही मला कळतं. कोरड्या कपड्यांचं काय करायचं ते कळत नाही. आजींनी ते जपून सांगितलं, जणू माझ्या नोंदीसाठीच.

त्या घरचं पाणी न घेताच मी निघाले. ओढा ओलांडताना मागे पाहिलं नाही.

हे तुम्हाला कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. त्या घरची बाटली रिकामी परत आली आहे, आणि तिच्या लेबलावर घराचा क्रमांक आहे, तारीख आहे, वेळ सव्वाअकरा, खाली माझी सही. ते सगळं मी आदल्या दिवशी घरीच लिहिलं होतं, बाराही बाटल्यांवर. नेहमीच लिहिते.